जुनेर

रविवारी शटर अर्ध्यावर ओढतो, मशीनवर चादर टाकतो
आणि स्कूटर काढतो. टेप गळ्यातच राहते, तशीच.
बायको म्हणते, उतारवयात बाहेर गिळायचं खूळ.
असेल.
कुणीतरी पँट आखूड करायला टाकली होती,
खिशात निघाला मेन्यूचा चुरगळलेला कागद.
क्युबाचं घरगुती जेवण.
क्युबा म्हणजे शाळेच्या नकाशात
निळ्या कापडावर पडलेली हिरवी कातरण,
एवढंच मला ठाऊक. तिथं घर असतं,
घरात जेवण असतं, हे सुचलंच नव्हतं कधी.

पहिलं हणजुण्याला. बांबूचं छप्पर, भिंतीवर गुलाबी मोटार.
चारशे रुपयांत पाव, चीज, काकडी,
दोन तव्यांत दाबून सपाट.
दाबायचं कामच करतो मी चाळीस वर्षं. इस्त्री खाली
कापड तरी हवं ना.

दुसरं पणजीला, मळ्यात. जेवण नव्हतंच, कॉफी होती.
मणिपूरचा पोरगा, थोइबा,
पहिल्या चार थेंबांत साखर घालून फेटत बसलेला,
फेटत, फेटत, पांढुरकी होईस्तोवर,
मग उरलेली काळी वरून.
कप अंगुस्तानाएवढा.
दोन घोटांत संपली. म्हापशापर्यंत जागा होतो.

त्यानंच सांगितलं मयड्याचं.

चर्चच्या मागं, पोदेराची भट्टी ओलांडून,
पाटी नाही. चार टेबलं, त्यातलं एक डुगडुगतं.
यामिले तिचं नाव.
नवरा कायतान, तारवटी. तिकडच्या बंदरात
बोटीचं इंजिन बिघडलं, एकोणीस दिवस नांगरून होते.
इंजिन सुधारलं, हा बिघडला,
असं ती कोंकणीत सांगते, ठसक्यात,
बार्देशची सून शोभेल अशी.

फळ्यावर खडूनं काहीतरी लिहिलेलं.
ह्याचा अर्थ काय?
गल्ल्यामागून कायतान म्हणाला, ‘पोरने कपडे.’
मी हसलो. शिंप्याला ताटात जुने कपडे!
ती नाही हसली.
मांस शिजवायचं, म्हणाली, दमेपर्यंत,
मग बोटांनी धागा धागा सोडवायचा.
तुला कोंबडीचं देते.
का ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

आमच्यात जुनेर म्हणतात, मी म्हणालो.
‘जुनेर्र्र.’ शेवटचा र तिनं
बॉबिन फिरावी तसा फिरवला.

आलं ताट. काळ्या घेवड्याचा भात,
त्यावर कांदा, टोमॅटो, भोपळी मिरची आणि ते धागे,
नीट उसवलेले. कुठं कात्री लागली नव्हती.
तिखट नाही. आधी वाटलं विसरली.
तिसऱ्या घासाला वाटलं, मीच काहीतरी विसरत होतो.
बाजूला केळी: कच्ची कापून तळलेली,
वरवंट्यानं चेपलेली, पुन्हा तळलेली.
तिची आई बाटलीच्या बुडानं चेपायची.
पाच वर्षं म्हापशाच्या बाजारात
चुकीची केळी घेऊन रडले, म्हणाली,
आणि बरोबरची तर इथं, कुंपणापलीकडे,
मयड्याची, हातभर लांब, गावाच्या नावानंच विकली जाणारी!

हात धुताना तिनं कपाटातून गाठोडं काढलं.
बोटीवरचा पांढरा कोट. पितळी बटणं, एक कमी.
‘बारीक करून दे. हा बारीक झालाय.’
मी टेप काढली.
कायतान उभा राहिला, हात आडवे, डोळे भिंतीवर,
जणू कस्टमवाला झडती घेतोय.
छाती चौतीस. खांदे उतरलेले, डावा जास्त.
कोटाची छाती बेचाळीस होती.
‘कुठं जायचंय ह्यांना?’
‘कुठं नाही.’
माप मी बिलाच्या मागं लिहिलं,
बिल माझ्याच खिशात आलं, पैसे द्यायचे राहिले,
तिनं हाक मारली नाही.

येताना दाढेत एक धागा अडकलेला.
काणक्याच्या चढावापर्यंत जिभेनं ओढत होतो,
सुटत नव्हता.