आधी लाल

टेबलावर टॉवेल अंथरलाय, त्यावर ठेवा.
कॅमेरा राहू द्या. दिवे दाखवा.
हा स्ट्रोब तुम्ही ताकद बघून घेतलात, होय ना?
सगळे तसेच घेतात.
लेंबेहच्या या सामुद्रधुनीत वाळू काळी, ज्वालामुखीची,
आणि पाण्यात सतत गाळ, जणू कुणी राख चाळतंय.
समोरून झगझगीत मारलात
तर फोटोत मासा नाही, पिठाची गिरणी येईल.
जास्त वॉट घेतले म्हणून उजेड पडत नसतो.
हात फाकवा स्ट्रोबचे. असे. कोपरं बाहेर,
खेकडा धमकावतो तशी.
उजेड कडेनं यावा,
लग्नघरात शेजारीण येते तसा,
मागच्या दारानं, पदर खोचून.

आणि हा छोटा, फोकसचा.
याला तुम्ही पिशवीच्या तळाशी ठेवलात.
पाच-सात मीटरखाली लाल रंग विरतो.
नोल्डीचं बोट एकदा शिंपल्यानं कापलं,
रक्त हिरवं निघालं म्हणून तो खालीच हसत सुटला,
तोंडातला रेग्युलेटर सुटता सुटता राहिला.
खाली कॅमेऱ्यालाही कळत नाही कुठे बघायचं.
लेन्स चाचपडते, पुढे, मागे, पुढे,
चष्मा हरवलेल्या मास्तरासारखी.
आधी तिला दाखवावं लागतं. मग टिपायचं.

माझे वडील होडीच्या टोकाला पेट्रोमॅक्स टांगायचे.
तो सूं करत राही
आणि खालून माकुळांची पांढरी गर्दी वर येई.
उजेडाला भुलतं ते ताटात येतं, म्हणायचे.
तुम्हाला हवाय तो भुलणारा नाही.

मँडरिन मासा, तोच ना?
दिवस बुडताना, मोडक्या पोवळ्यांच्या ढिगाशी.
नर आधी फेरी मारून जातो,
मग दोघं गालाला गाल लावून
वर चढतात, वीतभर, फार तर दोन,
आणि संपलं. ढिगारा रिकामा.
पांढरा दिवा लावलात तर तेवढंही नाही.
लाल काच चढवा. लाल त्यांना दिसत नाही.
नोल्डी म्हणतो, दिसतो, पण चालवून घेतात.
यावर आमचं सात वर्षं भांडण आहे.
आणि स्ट्रोब पाव ताकदीवर.
पुरा सोडलात तर पुन्हा भरायला तीन सेकंद,
त्यांचा संसार एका सेकंदाचा.

मागच्या जूनमध्ये बुसानहून मिस्टर मेंग आले होते.
दोन स्ट्रोब, नवे कोरे, एकाच केबलवर.
झाकणं मी बंद केली.
ओ-रिंग पुसली, ग्रीस लावलं, दिव्याखाली धरून बघितली.
बारा मीटरवर दोन्ही गप्प झाले.
वर येऊन उघडले तर एकाच्या पोटात समुद्र
आणि रिंगेवर आडवा
एक केस. लांब. पांढरा.
या अख्ख्या धक्क्यावर तसे केस कुणाचे आहेत
हे नोल्डीनं मोठ्यानं सांगितलं नाही.
तेव्हापासून हा रुमाल, डोकं घामानं भिजलं तरी.

मिस्टर मेंग तासभर खालीच राहिले होते,
नुसत्या लाल दिव्यावर, कॅमेरा छातीशी लोंबकळत.
मग या स्टुलावर बसले, ओल्या सूटमध्येच.
आम्हा दोघांना समान अशी भाषा म्हणजे किंमतीचे आकडे.
त्यांनी दोन तळहात जोडले,
टेबलापासून वीतभर वर नेले,
थरथरवले,
उघडले.
परत एकदा केलं. परत एकदा.
बिलातून स्ट्रोबचे पैसे मात्र पै-पै कापून घेतले.
बरोबरच होतं. मीही घेतले असते.

बॅटऱ्या द्या. या रात्रीच चार्जिंगला लावायच्या असतात.
चला, पाचला होडी सुटेल,
नोल्डी "तांते आल्त्ये, झालं का" करत येईलच.
लाल काच इथे, खिशात. हरवू नका, एकच आहे.
आणि ही रिंग घ्या,
नखानं नाही, बोटाच्या पेरानं, सगळा गोल फिरवा.
मी बघितलीय.
तरी तुम्ही बघा.