फुटाण्याचे दात

दिवसभर मी दात करते.
अजमानच्या सनाय्यात, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर,
आधी मेणाचे, मग झिर्कोनियाचे.
कुणा फादीची डावी दाढ,
कुणा नवरीचे पुढचे चार : लग्न शुक्रवारी, घाई करा.
तोंडं दिसत नाहीत. खोक्यातून साचे येतात,
सोबत चिठ्ठीवर रंगाचा नंबर.
एकवीस वर्षं.
मी केलेला एकही दात मी हसताना पाहिलेला नाही.

आणि घरी हा.
कायमचं देश सोडून निघालेल्या कुणाकडून मुकुंदने उचलून आणला,
"बघ जरा," म्हणाला,
आणि अठ्ठावीस दिवसांसाठी बार्जवर गेला.
बघतेय.
सोफ्याचा उजवा पाय बघतेय, चार्जरची वायर,
माझी एक चप्पल. दुसरीला तोंड लावलं नाही,
एवढा विवेक आहे.
दात आहेत तर चणे नाहीत, म्हणतात.
इथे फुटाण्यालाच दात येतायत.

नको, नको म्हणून दातांच्या कण्या केल्या.
त्याला वाटतं, नको हे त्याचं दुसरं नाव.
हाक मारली की शेपूट हलवत येतो.

रात्री कण्हतो. ऑगस्ट, काचेवर बाहेरून घाम,
आत एसीची घरघर, आणि मांडीवर हे गरम जबडं.
बोट फिरवलं हिरडीवर :
खाली काहीतरी कठीण, वर यायला निघालेलं,
कुणी ऑर्डर दिलेली नाही, साचा नाही, तारीख नाही.

मुकुंदचा जुना पंचा फाडला, भिजवला,
पिळून गाठ मारली,
फ्रीझरमध्ये ठेवला मटारच्या पिशवीशेजारी.
सकाळपर्यंत लाकूड.
तो दोन पंजांत धरतो, डोळे मिटून करकर चावतो,
आमच्यात सुरमईचं डोकं खाणारे बसतात तसा,
जगाशी संबंध तोडून.
हाताला लागला की मी हात काढून घेते,
पाठ फिरवते, दहा मोजते.
वळते तर बसलेला असतो
गाजर पुढ्यात घेऊन,
जणू तेच मागवलं होतं.

बुधवारी पंचा सोडवताना गाठीत सापडला.
तांदळाच्या कणीएवढा. टोक सुईचं.
मूळ नाहीच.
दुधाच्या दातांची मुळं आपली आपण विरघळतात,
परीक्षेला होतं हे, दोन मार्कांना.
लॅबमध्ये नेला, रंगपट्टीला लावून पाहिला.
सोळांपैकी एकाशीही जुळला नाही.

लिफ्टमध्ये रीमास भेटली, चौथ्या मजल्यावरची,
सात वर्षांची, पुढच्या दोघांच्या जागी खिडकी.
मूठ उघडून दाखवली.
ती म्हणाली, सूर्याकडे फेकायचा. म्हणायचं,
हा गाढवाचा घे, मला हरणाचा दे.
म्हटलं, आमच्याकडे कौलावर टाकतात,
उंदराला सांगतात.
"उंदराला?" ती इतकी हसली
की कौल म्हणजे काय हे सांगायचं राहिलंच.

गच्चीवर गेलो तिघं. पाण्याच्या टाक्या, डिशच्या थाळ्या,
धुळीत सूर्य घासलेल्या नाण्यासारखा, चित-पट कळेना.
तिने अरबीत म्हटलं, मी उंदराचं पुटपुटले,
फुटाणा तिच्या सँडलचा पट्टा चावत होता.
मी हात उगारला आणि फेकला.

फेकली ती एप्रनच्या खिशातली नापास दाढ,
मंगळवारी तडा गेलेली.
खरा दात हळदीकुंकवाच्या रिकाम्या डबीत आहे.
सूर्याला गाढवाचाच गेला.

रात्री मुकुंदचा फोन, लाटांमधून तुटक :
"सोफा आहे ना?"
"आहे. तीन पायांवर."
"आणि तो?"

वरचा डावा सुळा सध्या दोन आहेत त्याला.
जुना हलत नाही, नवा थांबत नाही.
आठवडाभर वाट बघू, म्हणाली डॉक्टर,
नाहीतर काढावा लागेल.

पंचा दुसराही फाडलाय.