ठिपका

नऊ वर्षं मी अकरा नंबरची ट्राम चालवली,
गॉथेनबर्गच्या डोंगराकडून थेट समुद्रापर्यंत.
हे शहर मला संडासांवरून पाठ आहे.
मारियाप्लानच्या बेकरीचं मागचं दार,
कुलपाचा आकडा दोन-दोन-सात-एक.
मालकीण हिल्डुर. तिने कधी काही विचारलं नाही,
फक्त आकडा बदलला त्या दिवशी
ट्रामच्या काचेवर टकटक करून नवा सांगून गेली.

ट्रामला गल्लीत वळता येत नाही.
पोटाला हे कुणी सांगावं?
त्या नोव्हेंबरात मागे चाळीसेक माणसं,
आणि मी दोन थांब्यांच्या मधे
दात आवळून, हँडल आवळून, सगळंच आवळून.
मग एका वळणावर आवळणं संपलं.
तरी गाडी शेवटच्या थांब्यापर्यंत नेली.
वेळेवर.
कुठे नोंद होणार असेल तर एवढीच व्हावी: वेळेवर.

आता डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसतो.
छत्र्या, एक कवळी,
डाव्या हाताचे अकरा हातमोजे.
संडास सात पावलांवर.

गोळ्यांनी चेहरा भाकरीसारखा फुगला आणि झोप गेली.
रात्री तीन वाजता सायकली दुरुस्त करत बसायचो,
आमच्या संपल्या, मग शेजाऱ्यांच्या.
नंतर सलाइनमधून थेंब थेंब औषध,
ते हरलं, मग दुसरं, एखाद्या बेटासारखं नाव असलेलं.
तेही हरलं.
सकाळी भांड्यातला लाल रंग बघतो
जसं बाहेर पडण्याआधी कुणी आभाळ बघावं.

डॉक्टर इल्वेस्माकींनी कागदाच्या पाठीवर चित्र काढलं.
मोठं आतडं सगळंच काढायचं.
मग लहान आतड्याचं टोक दुमडून, शिवून,
आत एक पिशवी, जे अक्षराच्या आकाराची.
तीन ऑपरेशनं, मधे महिने.
मला अक्षर दिसलं नाही, गळ दिसला,
बाप मॅकेरलला लावायचा तसला.
गळ, मी म्हणालो. गळणार नाही ना?
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, सुरुवातीला थोडं. रात्री.

बापाला फोनवर सांगितलं.
तो म्हणाला, मासा साफ करताना
आतडी आपण आधीच फेकतो.
पुढे बराच वेळ फोनमध्ये नुसता धक्क्यावरचा वारा.
फोन मात्र त्याने ठेवला नाही.

नर्स योर्डिस म्हणाली, बसा. उभे राहा. वाका.
पट्टा कुठे बांधता?
ट्रामच्या खुर्चीत बसता तसे बसून दाखवा.
मी तिच्या चाकाच्या स्टुलावर बसलो,
डावा हात पुढे, नजर रुळावर,
आणि तिने बेंबीच्या उजवीकडे, खाली,
काळ्या मार्करने ठिपका दिला.
पहिले काही महिने इथून बाहेर, पोटावरच्या पिशवीत.
ठिपका पुसू नका, ऑपरेशन बारा मार्चला आहे.

मार्चमध्ये पत्र आलं: ईस्टरनंतर.
ईस्टरनंतर दुसरं: कळवू.

वाट बघणं म्हणजे नक्की काय, मला सांगता येत नाही.
रात्री अंथरुणात खालून जाणारी ट्राम ऐकतो.
ब्रेक कसा लागला यावरून चालवणारा ओळखतो,
हा ओसवाल्ड, ही नवी मुलगी, घाई करते.
कधी या आतड्याचा राग येतो,
कधी त्याची दया येते. चौतीस वर्षं माझंच होतं ते,
काय काय पचवलं त्याने माझ्यासाठी,
आणि एक दिवस मलाच परका समजून चावू लागलं.

ठिपका फिका होत जातो.
आंघोळ करताना मी हात आडवा धरतो,
पहिल्या वर्षी गालावर लागलेलं मूल झाकावं तसा.

काल रुना फ्रीजरचे डबे भरत होती.
झाकणांवर लिहीत होती: सूप, सहा मे. बटाटे, सहा मे.
वर न बघता म्हणाली, शर्ट वर कर.
त्याच मार्करने ठिपका पुन्हा गडद केला,
टोपण लावलं,
मग काढलं, आणि पोटाजवळ हात धरून थांबली,
जणू इथेही तारीख घालायची सवय झाली होती.

शाई वाळू दे, म्हणाली.
मी म्हटलं, हो.
आणि पळालो.