निदान तीन

फॉर्मवर मागच्या शाळेच्या नावासाठी
बावीस चौकोन होते.
खिडकीतल्या कोकिलाबेन म्हणाल्या,
"खाली नहीं चाले, कंईक तो लखो."
हेमांगीनं माझ्याकडे पाहिलं.
पर्समधून पेन काढायला मी
गरजेपेक्षा जास्त वेळ लावला.

दुसरीच्या बाईंनी तिला बाकावर उभं केलं होतं,
फार प्रश्न विचारते म्हणून.
मी बारा वाजता डबा द्यायला गेले
आणि डबा तसाच ठेवून
मुलीला घेऊन परत आले.
सासरे त्यानंतर वर्षभर माझ्याशी
फक्त वर्तमानपत्राच्या आडून बोलले.

त्या रविवारी काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून
आम्ही विश्वामित्रीतल्या मगरी मोजल्या.
तिनं वहीत लिहिलं : मगरी तीन.
मी म्हटलं, आणि पाण्याखालच्या?
ती कठड्याच्या जाळीतून बराच वेळ बघत राहिली,
मग तीनच्या आधी, जागा नव्हती तिथं,
बारीक अक्षरात तिनं लिहिलं : निदान.

तेव्हापासून दहा वर्षं.
कुकरच्या तीन शिट्ट्यांत एक उतारा.
बोर्डाच्या परीक्षा बाहेरून,
अनोळखी शाळांच्या अनोळखी बाकांवर.

आता खरं सांगते.
या कॉलेजचं माहितीपत्रक आधी माझ्या हाती आलं.
मुखपृष्ठावर जुना घुमट, आत विषयांची यादी :
इतिहासाबरोबर खगोल घ्या,
पालीबरोबर अर्थशास्त्र, कुणी अडवणार नाही.
आणि एकोणिसाव्या पानावर, तळाशी, एकच ओळ :
घरी शिकलेल्यांनीही अर्ज करावा.
मी ती ओळ चारदा वाचली
आणि माहितीपत्रक डाळीच्या डब्यामागे ठेवलं.
दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी डाळ काढायला तीच गेली.

बावीस चौकोनांत तिनं लिहिलं : घर.
वीस मोकळे राहिले.
कोकिलाबेननी चष्म्यावरून पाहिलं,
काही बोलल्या नाहीत, शिक्का मारला.

मुलाखत घुमटाखालच्या खोलीत.
दार लोटलेलं, पण नीट लागत नव्हतं;
मी बाहेर दगडी बाकावर, वर पारवे.
नाणावटी मॅडमनी विचारलं,
"तुला कुणी शिकवलं?"
हेमांगीनं सुरुवात केली :
गेंडीगेटचे कासमभाई, मांजा सुतवताना,
दोर किती, कोन किती, पतंग किती उंच.
खालच्या मजल्यावरचे टिपणीस काका,
जे जमिनीचे जुने कागद मोडीतून वाचून द्यायचे
आणि एका कागदात बाईचं नाव सापडलं
तर चहा मागवायचे.
लायब्ररीतला शिपाई,
जो बंदची घंटा तिच्यासाठी उशिरा वाजवायचा.

यादी लांबत गेली. मी त्यात नव्हते.
पारव्यांनी घुमटात एक फेरी मारली.

"आणि आईनं?"
"आई शिकवायची नाही.
ती म्हणायची, मलाही माहीत नाही, चल, बघू."

मला आधी ते लागलं.
ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसले,
घट्ट, मग सैल.
आत मॅडम हसल्या, आणि ते हसू वर जाऊन
घुमटाला लागून जरा उशिरानं खाली आलं.

बाहेर येऊन तिनं सांगितलं,
"मॅडम म्हणाल्या, लायब्ररी बघून ये."
मी उठले.
"तू दमलीयस. तू जा ना घरी."
जिना कुठे, हे तिनं मला नाही,
झाडू मारणाऱ्या बाईंना विचारलं.

येताना रिक्षा पुलावर अडकली.
पाणी मातकट, काठावर जलपर्णी.
एकही मगर दिसली नाही.
निदान शून्य, मी मनातल्या वहीत लिहिलं.
शेजारी ती असती तर म्हणाली असती,
आई, ते तर नेहमीच खरं असतं.