मांडीवरचा नकाशा

लॅपटॉप तू धर, रोसामेल म्हणाला,
आणि पट्टा आवळून झाल्यावर ठेवला माझ्या मांडीवर.
पायांशी आधीच लशींचा थंड डबा,
मागे पिठाची दोन पोती, टपालाची थैली,
खोक्यात कुणाचा तरी कोंबडा.
कोइआइकेहून व्हिया लुमा पन्नास मिनिटं,
वारा माणसात असेल तर.

लॅपटॉप त्याच्या भाच्याचा, जुना,
झाकणावर फुटबॉल क्लबचं अर्धं खरवडलेलं स्टिकर,
कीबोर्डचं एक बटण निखळलेलं.
काचेखाली चिकटपट्टीने बसवलेला जीपीएसचा गोटा,
त्याची वायर माझ्या खांद्यावरून,
आणि पडद्यावर एक निळं विमान,
माशीएवढं.
हे आपण, तो म्हणाला.
एवढेच? मी म्हणाले.

ऊन आलं की पडद्यात मीच दिसायचे,
नकाशा नाही.
मग त्याने आपला लोकरी पोंचो दिला,
त्याखाली डोकं घालून मी वाचत राहिले डोंगर,
जुन्या काळच्या फोटोवाल्यासारखी.
मेंढीचा वास, डिझेलचा वास,
उजवीकडे सुळका, सुळक्यामागे हिमनदी.
होकायंत्राजवळ नेऊ नकोस! तो ओरडला,
स्पीकरमधलं लोहचुंबक जवळ आलं की
सुई उत्तर विसरते.

त्याचा कागदी नकाशा सीटखाली होता,
घड्यांवर फाटलेला, जोडलेला, पुन्हा फाटलेला.
पेन्सिलीने लिहिलं होतं: इथे वारा लाथ मारतो.
एका दरीवर नुसतं: इथे नको.
का नको, ते नाही.
यातलं काहीच मशीनला माहीत नाही, तो म्हणाला,
पण मशीनला चष्मा लागत नाही.

डावीकडे सरोवर होतं.
मग नव्हतं.
काचेबाहेर कुणी तरी दूध सांडल्यासारखं,
आणि त्याच घटकेला माझ्या मांडीवर अंधार.
बटणं दाबली. एक चौकोन आला,
पासवर्ड विचारणारा,
आत उभी रेघ लुकलुकत होती,
तिला कुठेच जायचं नसल्यासारखी.

रोसामेल गप्प.
पहाटेपासून बडबडणारा माणूस.
डोंगर दोन हजारांचे, आपण सतराशेवर,
हे त्यानेच सांगितलं होतं, हसत, निघताना.
सांग ना, मी म्हणाले.
त्याने घसा खाकरला. लिही.
डेल्टा. एको. लिमा. फॉक्सट्रॉट.
एफचंच बटण निखळलेलं, खालचं रबर नखाने दाबलं.
इंडिया. नोव्हेंबर. अल्फा.

देल्फिना.
व्हिया लुमाच्या रेडिओवरची देल्फिना,
जिच्याकडून अख्खं खोरं सकाळी ऐकतं
ढग किती उंच, वारा किती,
कुणाची गाय नदीपलीकडे गेली.

चूक, म्हणाला चौकोन.

तेव्हा माझं लक्ष गेलं त्याच्या अंगठ्याकडे.
रेडिओच्या बटणावर होता,
दाबून दाबून पांढरा पडलेला.
पोलीस चौकीत, शाळेत, मेंढपाळांच्या खोपट्यांत
सगळीकडे पोचलं होतं एकेक अक्षर.
अंगठा उचलला त्याने,
चटका बसल्यासारखा.

खरखर.
बराच वेळ खरखर.
मग तिचा आवाज, रोजचाच, इस्त्रीचा:
व्हिया लुमा. वारा पश्चिमेचा, बारा नॉट.
ढग सहाशे मीटरवर, दक्षिणेला फट आहे.
आणि रोसामेल,
माणसाच्या नावाचं पहिलं अक्षर
मोठं लिहितात.

मी मोठं लिहिलं.
डोंगर परत आले, सगळे, जागच्या जागी,
माशीपासून बोटभर अंतरावर पांढरी कडा.
डावीकडे, मी म्हणाले, आत्ता, डावीकडे,
तो वळला, कान लालबुंद,
मागे कोंबडा आरवला.

धावपट्टीच्या टोकाला ती उभी होती,
हातात वारा मोजायचं यंत्र,
त्याच्याकडे न बघता.
रोसामेल इंजिन बंद करून बसूनच राहिला.
मी लॅपटॉप उघडाच ठेवला सीटवर.
मिटला असता तर
पुन्हा विचारलं असतं त्याने.