सांधा

मी पाण्याचा माणूस.
एकवीस वर्षं ब्राँक्सच्या एका तळघरात
आधणापाशी उभा राहिलो,
अंगात गंजीफ्रॉक, हातात लांब दांड्याचा झारा.
वरच्या फुटपाथवरून लोकांच्या टाचा वाजत जायच्या.
कणकेला मी कधी बोट लावलं नाही.
ते काम बाकावरच्यांचं. फायवेलचं.

फायवेल, माझा थोरला भाऊ.
पट्टी कापायचा, लड वळायचा,
चार बोटांभोवती गुंडाळून तळव्याखाली
एकदा, फक्त एकदाच, पुढे रेटायचा
की बेगल तयार.
चौसष्टांचा खोका, खोक्यामागे मजुरी.
त्याच्या हातात चौसष्टही कळा,
माझ्या हातात एक झारा.
त्याचा सांधा उकळत्या पाण्यात
कधी उसवला नाही.
हे मीच सांगू शकतो. दुसरं कोण बघत होतं?

मग मशीन आलं.
मशीनच्या कड्याला सांधाच नसतो.
बाकावरचे चौघे शुक्रवारी घरी गेले ते गेलेच,
आणि सोमवारी मी
त्या बिनसांध्याच्या कड्यांना आधण दाखवलं.
पोरं होती, घरभाडं होतं.
फायवेल एवढंच म्हणाला, "नीट उकळ."
नंतर नऊ वर्षं
आम्ही एकमेकांच्या शब्दाला महाग.

बुधवारी त्याला माती दिली.

शोकाच्या घरी गोल काहीतरी न्यायचं असतं,
ज्याला तोंड नाही असं.
दुकानातून आणता आलं असतं. नाही आणलं.
रात्री स्वयंपाकघरात पीठ काढलं, चिवट जातीचं,
काकवीसारखं काळं माल्ट, मीठ, चिमूटभर यीस्ट,
आणि पाणी इतकं कमी की हात रडकुंडीला आले.
मळताना टेबल भिंतीवर आपटत होतं.
खालच्या मिसेस ओकासियोने काठीने छत ठोकलं.
मी थांबलो नाही.

वळायला बसलो तेव्हा कळलं,
एकवीस वर्षं समोर बघूनही
मी त्याचे हात पाहिलेच नव्हते.
पहिलं जाड, दुसरं अंड्यासारखं,
पाचव्याचं भोक बुजून गेलं.
तेरा झाली. रात्रभर फ्रिजमध्ये,
काकडीच्या लोणच्याशेजारी.

सकाळी एक थंड पाण्याच्या वाडग्यात टाकलं,
बुडालं.
तासाभराने पुन्हा टाकलं,
तळाशी जरा घुटमळलं आणि वर आलं.

आधणात माल्टचा एक चमचा.
इथून पुढे मला घड्याळ लागत नाही.
कडं फुगतं, कातडं ताणतं, तुकतुकी धरतं,
तेवढ्यात उलथायचं.
बारा उलथली.
तेराव्याचा सांधा सुटला.
माझ्या डोळ्यांदेखत, हळूच,
जणू वाचा फुटावी तसा.
झारा हातातच राहिला.
चाळीस मोजायचे ते मी किती मोजले, देव जाणे.

मग कपाटाची फळी, तिच्यावर ओलं गोणपाट,
अर्ध्यांवर खसखस, अर्ध्यांवर तीळ,
ओव्हन शेवटच्या आकड्यावर.
जरा वेळाने फळीवरून उलटी केली, बोटं पोळली.
जुनाच चटका, जुन्याच जागी.

पेशा वहिनी बुटक्या स्टुलावर बसली होती,
आरशांवर चादरी.
पंचा उलगडून तिने एकेक हातात घेऊन पाहिलं,
बोलीला लावायचा माल पाहावा तसं.
"उकळलेत झकास," ती म्हणाली.
"वळलेत कुणी?"
"मी."
"दिसतंयच."

आणि बारा बाजूला सारून
तिने ते तोंड उघडलेलं उचललं,
मोडलं,
अर्धं मला दिलं.