डोक्यावरचा र

बुरोंडीच्या शाळेत पहिल्या आठवड्यात
मी पिशवीतून शब्द काढले:
कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य.
डी.एड.च्या वहीत ते शहाण्यासारखे बसले होते.
इथे पोरांनी ते हुंगून पाहिले
आणि बाजूला सारले.

मग दुर्वा पावसेने दप्तरातून
जिताड्याचा वाळका खवला काढला,
तळहातावर ठेवला, तोंडाशी नेला,
म्हणाली, प.
खवला जागचा हलला नाही.
म्हणाली, फ.
खवला उडाला, थेट माझ्या हजेरीपटावर.
महाप्राण म्हणजे काय
ते त्या दिवशी मलाही कळलं.

ण मात्र कुणाला येईना.
पानी. लोनी. आनि.
जीभ मागे वळव, टाळूला लाव, सोड.
अख्खा वर्ग जिभा वळवत बसलेला,
खिचडीवाल्या काकूंना वाटलं
मी पोरांना वेडावायला शिकवतोय.
घरी जाऊन ती पानीच प्यायची.
हळूहळू मी लाल पेनाला टोपण लावायला शिकलो.

चौथ्या महिन्यात जोडाक्षरं.
र चे हाल तर विचारू नका:
कधी पायात, कधी डोक्यावर,
कधी कोयतीसारखा आडवा.
फळ्यावर लिहिलं, दर्या. शेजारी, दऱ्या.
पहिल्यात द वर जोर पडतो, र क्षणभर टेकतो.
दुसऱ्यात कुणी टेकत नाही, सगळं घसरत जातं.
मी पाटणकडचा. दऱ्या माझ्या तोंडात जन्मापासून,
दर्या मागाहून शिकलो.
दुर्वाचा र तिच्या नावातच डोक्यावर चढून बसलेला.

शनिवारी ती बंदरावर नावांची नावं वाचत निघाली,
अक्षर फोडत, बोट टेकवत,
आणि बापाच्या होडीपाशी अडली.
निळ्यावर पांढरं, दर वर्षी तसंच गिरवलेलं:
द. ऱ्या. रा. ज.
"बाबा, ह्यो दर्याराज नाय."

हरेश पावसेच्या हातातली जाळ्याची सुई थांबली.
पेंटरला चारशे रुपये दिलेले, वर दोन पापलेटं.
त्याने माझ्याकडे पाहिलं.
मी चपलेतली वाळू झटकत राहिलो.

"दऱ्या म्हंजे, मास्तर, तुमच्याकडं डोंगरात असतात त्या?"
"हो."
"नारली पुनव झाली का या एकदा भायेर.
दोन लाटांच्या मधी काय असतं ता बघा."

नाव अजून तेच आहे.
फक्त त्या ऱ्याच्या वर
खडूने काढलेला एक छोटा रफार असतो,
खारं पाणी तो पुसतं,
सोमवारी पुन्हा असतो.
वर्गातला खडू लवकर संपतो हल्ली.
मी विचारत नाही.